चिकुनगुनियाचा चिकनशी संबंध नाही

निपाणी-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय: चिकुनगुनिया नवा आजार आहे, कोंबडी खाल्ल्याने होतो. दोन्ही चूक. नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, अर्थ ‘वाकवून टाकणारा’. सांधे धरलेला माणूस ज्याने पाहिलाय, त्याला ते लगेच पटेल. भारतात हा विषाणू १९६३ साली कोलकात्यात सापडला, १९७३ मध्ये बार्शीत साथ आली. मग तीन दशकं जवळजवळ शांतता, आणि २००६ मध्ये एकट्या कर्नाटकात साडेसात लाखांवर संशयित रुग्ण. पसरवतो तो दिवसा चावणारा एडिस डास. आपण नळाचं पाणी साठवतो त्या उघड्या बॅरलमध्येच तो वाढतो. ताप-सांधेदुखी असेल तर आशाताईंना कळवा, रक्त तपासून घ्या. तपासणीशिवाय रुग्णाची पक्की नोंद होत नाही.