उतारावरचा संसार

सपाट जागा अशी जगात कुठे नसतेच. चालणाऱ्याला जमीन सपाट वाटते, खुर्ची टाकून बसणाऱ्याला वाटते, तंबूवाल्यालाही बऱ्यापैकी वाटते. ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, लावणाऱ्याला मात्र ती कधी सापडत नाही. त्यात कॅम्पसाइटवरची जागा बऱ्याचदा मुद्दामच किंचित तिरकी केलेली असते, पावसाचं पाणी साचून राहू नये म्हणून. म्हणजे ज्याने ती आखली त्याने आधी पाण्याची सोय पाहिली, मग आमची. पाणी काही भाडं भरत नाही, पण हे कोणाला सांगायचं?

आमच्याकडे गाडी मी चालवते आणि सूचना नवरा देतो. ही वाटणी लग्नातच झाली असावी, कारण त्यावर नंतर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

ट्रेलर मागे घेताना सगळा कारभार उलटा. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं बूड डावीकडे जातं. यावर अनुभवी लोकांचा एक साधा तोडगा आहे : हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा. मग हात ज्या बाजूला सरकेल, ट्रेलरही त्याच बाजूला सरकतो. हा तोडगा उत्तम चालतो. फक्त मागून कोणी बोलू नये.

"अगं, डावीकडे घे!"

"कोणाच्या डावीकडे?"

"ट्रेलरच्या!"

"ट्रेलरचं तोंड कुठे आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आता ते कशाला? डावीकडे म्हणजे डावीकडे!"

यावर तो हातवारे सुरू करतो. त्याच्याकडे हाताची एकच खूण आहे आणि तिचा अर्थ 'ये', 'थांब' किंवा 'डास चावला' यांपैकी काहीही असू शकतो. खुणा करणारा माणूस आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची, हा नियम मी कसोशीने पाळते. नवरा ऐन मोक्याला ट्रेलरच्या मागे गडप होतो. मी थांबते. थोड्या वेळाने तो वैतागलेला चेहरा घेऊन बाहेर येतो.

"थांबलीस का?"

"दिसत नव्हतात."

"अगं, मी वरची फांदी बघत होतो! तुझ्यासाठीच!"

एव्हाना आजूबाजूच्या बिऱ्हाडांनी पुस्तकं मिटलेली असतात. ज्यांचे ट्रेलर लागून झालेत अशा माणसांच्या चेहऱ्यावर एक सात्त्विक तेज असतं. खुर्च्यांची तोंडं हळूच आमच्याकडे वळतात. आम्ही सरळ जात असतो तोवर कोणी मदतीला येत नाही. चाक गवतात उतरलं की लगेच तिघं येतात, आणि त्यांची मतं चार असतात.

ट्रेलर एकदाचा जागेवर आला की खरं प्रकरण सुरू होतं. आधी डावी-उजवी बाजू समतल करायची, आणि तीही ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच. कारण पुढचा जॅक फक्त नाक वरखाली करतो, कूस बदलणं त्याच्या हातात नाही. डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवावी तसे जी बाजू खाली असेल त्या बाजूच्या चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे घालायचे, आणि गाडी हलवून ट्रेलर त्यांवर चढवायचा.

ठोकळे किती? इथे नवऱ्यातला गणितज्ञ जागा होतो. डाव्या-उजव्या चाकांत दोन मीटर अंतर धरलं, तर एक अंश कलण्यासाठी साडेतीन सेंटीमीटरचा फरक लागतो. बोलताना एक अंश म्हणजे काहीच नाही. ताप एक अंशाने वाढला तर काय होतं ते ठाऊक असूनही माणूस 'एखादा अंश' असं म्हणून हात झटकतो.

ठोकळ्यांवर चढणं हा हातभराचा प्रवास आहे, पण मला त्याच्याइतका लांबचा प्रवास माहीत नाही.

"अजून थोडं... थोडं... अगदी थोडं... बास! बास म्हटलं ना!"

धप्प. चाक पलीकडे उतरलेलं असतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. त्यामुळे 'बास' हा शब्द माझ्यापर्यंत यायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्याच्या मनातून तोंडापर्यंत यायला. तिथे आधी तो ठोकळ्याकडे बघतो, मग पाणसळीकडे, मग शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि मग बास.

पाणसळीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्याकडे समतलपणा ठरवणारे तीन अधिकारी आहेत. एक, ट्रेलरच्या नाकावर चिकटवलेली बुडबुड्याची नळी. दुसरी, गवंडी वापरतात ती लांब पाणसळ. तिसरा, नवऱ्याचा फोन, जो दशांश चिन्हानंतरही बोलतो. तिघांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. नाकावरची नळी मुळात ट्रेलर सरळ उभा आहे असं कोणीतरी नजरेने ठरवून चिकटवली, तेव्हा तिची निष्ठा त्या जुन्या नजरेशी. फोन टेबलावर ठेवला तर एक सांगतो, ओट्यावर ठेवला तर दुसरं.

बुडबुड्याची ही नळी मेल्किसेदेक थेवनो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६६१ च्या सुमारास शोधली. हे गृहस्थ पुढे फ्रान्सच्या राजाच्या ग्रंथालयाचे प्रमुख झाले. बंद नळीत द्रव, त्यात हवेचा एक थेंब, आणि तो थेंब नेहमी उंच बाजूकडे धावणार. इतकं सोपं. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ हे जगाला ठाऊक आहे. तरीही प्रत्येक मुक्कामावर आमच्यात हा संवाद होतो :

"बुडबुडा उजवीकडे आहे."

"म्हणजे उजवी बाजू खाली आहे. ठोकळा आण."

"बुडबुडा वर जातो. उजवी बाजू वर आहे."

"मग तो उजवीकडे कशाला गेलाय?"

या प्रश्नावर काय बोलणार? मी ठोकळा घेऊन डाव्या बाजूला जाते आणि मुकाट्याने ठेवते. "बघ, मी म्हणत होतो ना," असं तो नंतर म्हणतो. हे वाक्य कुठल्याही बाजूला लागू पडतं.

कोणी विचारील, थोडा तिरका राहिला ट्रेलर तर काय बिघडतं? नवरा याचं उत्तर देण्यासाठी सदैव तयार असतो, आणि ते फ्रिजपासून सुरू होतं. ट्रेलरमध्ये वर्षानुवर्षं एक वेगळा फ्रिज असायचा, गॅसच्या ज्योतीवर चालणारा. आगीने बर्फ करायची ही युक्ती १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी जमवली. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. अमोनिया उष्णतेने पाण्यातून निघतो, गार होऊन पातळ होतो, हायड्रोजनच्या सोबतीने पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो, आणि शेवटी पाण्यात विरघळून खाली उतरतो. पंप नाही, मोटर नाही, खरखर नाही. द्रव स्वतःच्या वजनाने नळ्यांतून वाहतो. ट्रेलर कलला की हा द्रव भलत्याच ठिकाणी अडून बसतो, उकळणारा भाग जास्त तापतो, आणि फ्रिज हळूहळू कायमचा बाद होतो. अशा बऱ्याच फ्रिजना एका दिशेने साधारण तीन आणि दुसऱ्या दिशेने सहा अंशांपर्यंतचा कल चालतो. त्यापुढे नाही.

हे सगळं नवरा मदतीला आलेल्या तिघांना समजावून सांगतो, माना डोलतात, वातावरण गंभीर होतं. त्यांना सांगायचं तेवढं तो विसरतो की आमचा फ्रिज घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसरवर चालतो. त्याला अशा कलाचं फारसं सोयरसुतक नाही. पण मी ते बोलत नाही. एवढ्या माणसांसमोर अमोनियाचा मान ठेवावा लागतो.

फ्रिज सोडला तरी कल जाणवतो, हे मात्र खरं. न्हाणीतलं पाणी भोकाकडे न जाता कोपऱ्यात जमतं. कपाटाचं दार आपणहून उघडतं आणि रात्रभर माणसाकडे बघत राहतं. पलंगावर डोकं पायांपेक्षा खाली गेलं की सकाळी ते जड होतं आणि नवऱ्याचा स्वभावही. म्हणून अगदीच जमलं नाही तर डोक्याची बाजू किंचित वर ठेवावी, असं माझं मत आहे. फोनला ते मान्य नाही.

डावं-उजवं जमलं की चाकांना पुढून-मागून पाचरी घट्ट बसवायच्या. त्या आधी, आणि गाडी सोडवणं नंतर. हा क्रम चुकवून चालत नाही, कारण सुटा झालेला ट्रेलर कोणाच्याच सूचना ऐकत नाही, डाव्या ना उजव्या. मग पुढचा जॅक खाली घेऊन कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाची पकड, गाडीमागच्या लोखंडी बॉलवरून उचलायचा. तो सुटत नाही. कधीच पटकन सुटत नाही. त्याच्यावर ताण असतो, म्हणून गाडी बोटभर पुढे-मागे करावी लागते, आणि त्या बोटभरासाठी पुन्हा एकदा "थोडं... अगदी थोडं..." हे सगळं.

एकदाची गाडी सुटली की नाक वरखाली करणं हा नवऱ्याचा आवडता भाग. जॅक विजेवर चालतो, त्याला बटण आहे. तो 'वर' दाबतो, मी आत पाणसळीकडे बघून "थोडं खाली" म्हणते. तो 'खाली' दाबतो, मी "थोडं वर" म्हणते. मला वाटतं त्याचं बोट बटणावरून उठायला नको म्हणत असतं. शेवटी बुडबुडा मध्ये येतो आणि आम्ही दोघं श्वास रोखून धरतो. तेवढ्यात शेजारचे काका दारात येऊन पायरीवर पाय ठेवतात.

कोपऱ्यातले चार पाय सर्वांत शेवटी. ते फक्त डुगडुग थांबवण्यासाठी असतात, ट्रेलर उचलण्यासाठी नव्हेत. त्यांच्यावर भार टाकून कोपरा उचलायला गेलं तर सांगाडाच पिळवटायची भीती. हे शेजारच्या काकांना मान्य नव्हतं. "मी तर नेहमी यांनीच उचलतो," ते म्हणाले. त्यांचं दार नीट लागत नाही हे आम्हाला रात्री ऐकू आलं.

वीज आणि पाणी जोडायला काहीच लागत नाही. खांबावरचं बटण बंद करायचं, प्लग लावायचा, बटण चालू करायचं. पाण्याच्या नळीला दाब कमी करणारा तुकडा लावायचा आणि नळ सोडायचा. यात कोणाचं डावं-उजवं नाही, त्यामुळे भांडणही नाही. इतकं सुरळीत की मला संशय येतो.

उरली सांडपाण्याची नळी. हातमोजे घालून नवरा तिची लांबी ट्रेलरपासून जमिनीतल्या तोंडापर्यंत पसरतो, मागे सरतो, आणि गप्प होतो. पाणी आपणहून वाहत जायचं तर नळीला उतार हवा. दर मीटरला दोनेक सेंटीमीटर तरी. म्हणजे ठोकळे रचून आम्ही दुपारभर जो घालवला, जवळजवळ तेवढाच.

"आता काय?" मी विचारते.

"आता उतार करायचा."

तो प्लास्टिकची टेकणी काढतो, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी, आणि नळीखाली एकेक लावत जातो. उंच, मग कमी उंच, मग आणखी कमी. मी उकिडवी बसून पाणसळ नळीवर धरते.

"बुडबुडा कुठे आहे?"

"बरोब्बर मध्ये."

"मग चुकलंय," तो म्हणतो, आणि पहिल्यापासून सुरुवात करतो.