सोरोरिटी म्हणजे अकरावीची मेरिट लिस्ट नव्हे

सोरोरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातली मुलींची सभासद-संघटना, आणि जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी, साधारण ४ पैकी. उन्हाळा आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: "सोरोरिटीला जीपीए ३.०चा कटऑफ असतो. खाली असाल तर फॉर्मही भरू नका, वर असाल तर घेतातच. आणि एकदा आत गेलं की मार्कांना कुणी विचारत नाही." यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी तो ३.०. असा सगळीकडे चालणारा आकडाच नाही. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही १९०२ची शिखर संस्था, पण तिच्यातल्या प्रत्येक सोरोरिटीची किमान अट वेगळी, आणि कॅम्पसवरचा चॅप्टर, म्हणजे तिथली शाखा, ती आणखी वर नेऊ शकतो. शिवाय मार्क कुठले? अलाबामा विद्यापीठात रश, म्हणजे नव्या मुली निवडायचा कार्यक्रम, ऑगस्टमध्ये, वर्ग भरण्याआधीच उरकतो, म्हणजे तिथे हायस्कूलचेच मार्क बघणार. व्हर्जिनिया विद्यापीठात तो पहिलं सेमिस्टर संपल्यावर असतो. हायस्कूलात चमकलेली मुलगी कॉलेजच्या पहिल्याच केमिस्ट्रीत आपटली, तर तिथे ते आडवं येतं.

फॉर्मही भरू नका, हे तर उगाच घाबरवणं झालं. अनेक चॅप्टर किमान अटीखालच्या मोजक्या मुली घेतात. त्याला 'ग्रेड रिस्क' म्हणतात. मोजक्याच, कारण चॅप्टरची सरासरी कॅम्पसवर इतरांशी ताडून पाहिली जाते. ऑगस्टमध्ये हुकलं तरी जागा उरलेले चॅप्टर पुढच्या सेमिस्टरला मुली घेतात.

"वर असाल तर घेतातच" हा खरा आपला घोळ. ९२ टक्के मिळाले म्हणजे ९० वाल्याच्या आधी नंबर, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. सोरोरिटीत मार्क उंबऱ्यापुरते. ते पार केल्यावर काही दिवस गप्पांच्या फेऱ्या चालतात, चॅप्टर नावं गाळत जातात, मुलीही आपली पसंती क्रमाने देतात. तिथे ३.९ वाली दुसऱ्याच दिवशी गळते आणि ३.२ वालीला बिड, म्हणजे सामील व्हायचं आमंत्रण, मिळतं. ओळखी चालतात, दिसणं चालतं, पैसाही चालतो.

आणि वंशही. २०१३ साली 'द क्रिम्झन व्हाइट' या अलाबामाच्या विद्यार्थी वृत्तपत्राने एक बातमी छापली. एका कृष्णवर्णीय मुलीचा हायस्कूलचा जीपीए ४.३ (अवघड विषयांना जादा गुण धरले की तो ४च्या वर जातो), वर्गात दुसरी आलेली, घराणं सार्वजनिक जीवनातलं. तरीही पारंपरिक गोऱ्या सोरोरिट्यांपैकी एकीनेही तिला बिड दिलं नाही. काही चॅप्टरच्या मुलींनी सांगितलं, आम्हाला ती हवी होती, माजी सदस्यांनी अडवलं. देशभर बोंब झाली, तेव्हा विद्यापीठाला या सोरोरिट्यांना बिड देणं पुन्हा सुरू करायला लावावं लागलं. ४.३! कटऑफवाल्यांनी हा आकडा जरा डोळ्यांसमोर ठेवावा.

राहिलं ते "आत गेल्यावर कुणी विचारत नाही". उलट तिथे दर सेमिस्टरला विचारतात. किमान अटीखाली घसरलात तर प्रोबेशन लागतं, पार्ट्या बंद होतात, चॅप्टरचं पद मिळत नाही, अनेक ठिकाणी ठरलेले तास अभ्यासाला बसावं लागतं. हे मार्क चॅप्टरला दिसावेत म्हणून मुलगी स्वतः संमती देते. फी भरणाऱ्या आईबाबांना मात्र विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या १९७४च्या कायद्यामुळे कॉलेज तेच मार्क तिच्या संमतीशिवाय सहसा दाखवत नाही.