डोपामिनचा उपवास आणि 21 दिवसांची थाप

‘डोपामिन हे आनंदाचं रसायन. व्यसन म्हणजे त्याची चटक. 21 दिवस डोपामिनचा उपवास करा, सगळं एकदम बंद करा, मेंदू कोरा होतो. एवढं करूनही जो परत वळतो, त्याला सुटायचंच नसतं.’ मोबाइलपासून दारूपर्यंत सगळ्यावर हाच उतारा सांगणारा मेसेज सध्या फिरतोय. पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो, म्हणून त्याला कुणी हटकत नाही.

‘आनंदाचं रसायन’ इथेच गाडी घसरते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. फळाचा रस मिळाला की सुरुवातीला या पेशी चेतत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच चेतू लागल्या, रसाला गप्प. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगातल्या उंदरांमधलं डोपामिन तर जवळजवळ संपवलेलं होतं. तोंडात गोड पाणी घातलं की ते मिटक्या मारत, पण समोरच्या अन्नाकडे स्वतःहून वळत नसत. गोडी शाबूत, ओढ गेलेली. व्यसनात नेमकं उलटं होतं: ओढ वाढत जाते, गोडी आटत जाते. ‘आता मजा येत नाही, पण राहवत नाही’ असं व्यसनी माणूस सांगतो तेव्हा तो बहाणा करत नसतो.

उपवासाचं म्हणाल, तर डोपामिन मेंदू स्वतःच बनवतो आणि ते साध्या हालचालीलाही लागतं. पार्किन्सन्स या आजारात ते बनवणाऱ्या पेशी मरतात आणि हातपाय जखडतात. असल्या रसायनाचा उपवास कोण करणार?

21 हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून आला. नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान इतके दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण. मानसशास्त्राच्या संशोधक फिलिपा लॅली यांनी 2010 मध्ये साध्या सवयी तपासल्या, तर त्या रुजायला 18 ते 254 दिवस लागतील असं दिसलं. तेही फळ खाण्यासारख्या सवयींना, व्यसनाला नव्हे.

‘एकदम बंद करा’ हे मात्र नुसतं चूक नाही, जिवावर बेतणारं आहे. दारू मेंदूला सतत ब्रेक लावते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याला तोंड देण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबून बसतो. ब्रेक अचानक काढला की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम, ताप, थरकाप. यात माणसं दगावतात. अशी दारू डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधांच्या आधारानेच सोडवायची असते.

राहिलं ‘सुटायचंच नसतं’. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी मागोवा घेतला. परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे 5 टक्केच पुन्हा अडकले. सगळ्यांची इच्छाशक्ती विमानात बसताच वाढली होती का? जागा बदलली, सोबत बदलली, तो ‘दिवा’ लागणं बंद झालं. उपचारानंतर जुन्याच कोपऱ्यावर परतणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

आणि हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांत आणखी एक गोम आहे. काही आठवडे बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते, ओढ मात्र टिकून असते. त्या माणसाने जुन्याच मापाने घेतलं, तर श्वास थांबू शकतो. नेमक्या याच दिवसांत मेसेज त्याला सांगतो, तुझा मेंदू कोरा झाला.