माजी सैनिकांचा सत्कार: मुख्याध्यापकांसाठी काही सूचना

जुलै लागला की वरून पत्र येतं: 26 तारखेला कारगिल विजय दिवस साजरा करा आणि फोटो पाठवा. घाबरू नका. फोटो नीट आले की दिवस आपोआप साजरा झालेला असतो.

आधी फ्लेक्स. आमदारसाहेब मोठे, संस्थेचे अध्यक्ष त्यांच्यापेक्षा नखभर लहान, आणि कोपऱ्यात इंटरनेटवरून उतरवलेला जवान. त्याच्या बाहीवर अमेरिकेचा झेंडा निघाला तर तेवढ्या जागेवर मंडपवाल्याचं नाव छापा.

आता सैनिक. गावाकडे प्रत्येक फौजीला 'मेजर'च म्हणतात, त्यामुळे हुद्दा विचारत बसू नका. नाईक म्हणून निवृत्त झालेला माणूस संकोचून काही सांगू लागलाच, तर सूत्रसंचालकाने टाळ्या मागाव्यात. 1999 साली ते श्रीनगर-लेह रस्त्यावर ट्रक चालवत होते, वरच्या शिखरांवरून तोफांचा मारा व्हायचा म्हणून रात्री दिवे बंद ठेवून घाट चढायचे, असल्या तपशिलांत शिरूच नका. पोरं कान टवकारून ऐकतील आणि अध्यक्षांच्या भाषणाला वेळ उरणार नाही. 'शत्रूला कंठस्नान घातलं' म्हणा, अधूनमधून टोलोलिंग, टायगर हिल पेरा, विषय संपवा.

मुलांना दहालाच मैदानात बसवा. पाहुणे साडेअकराला येतील. चिखलाबद्दल कुरकुर झाली तर सियाचीनचे जवान आठवून द्या. ते त्यासाठीच तिथे उभे असतात.

आपल्या गेटवरचा वॉचमन मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालाय, हे एखादा शिक्षक ऐनवेळी सांगेल. अशा शिक्षकांना चहाच्या व्यवस्थेवर पाठवावं. वॉचमनला व्यासपीठावर बसवलं तर आमदारांच्या गाडीला फाटक कोण उघडणार?

शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. फोटोत आमदारांचा चेहरा आला पाहिजे, सत्कारमूर्तींची पाठ आली तरी चालते.

चौथीतलं एखादं आगाऊ पोर हात वर करून 'काका, तुम्हाला भीती वाटायची का?' असं विचारेल. काका उत्तर देण्यासाठी माइककडे वळायच्या आत वंदे मातरम् सुरू करा. अहवालात मात्र 'विद्यार्थ्यांनी माजी सैनिकांशी मनमोकळा संवाद साधला' हे वाक्य हवंच.

फोटो जपून ठेवा. 7 डिसेंबरला ध्वजदिन निधीच्या वेळी तेच चालतात, फक्त मुलांच्या अंगावर रेनकोट नाहीत ना एवढं बघून घ्या.