आई लुथरन का राहिली: एका प्रतिक्रियेला उत्तर

साताऱ्याच्या वाचकमित्रास नमस्कार.

आईवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की लुथरन, प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट पंथांमधली गोऱ्यांची भांडणं मिशनऱ्यांनी आपल्या गळ्यात मारली. १९७० साली वेगवेगळ्या पंथांचं चर्च एक झालं, मग मिरजेत संसार करून जन्मभर स्वतःला लुथरन म्हणवणाऱ्या बाईचं कौतुक कशाला? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा दाखला दिलात आणि मथळ्यातून ‘लुथरन’ काढा असंही सुचवलंत. असं म्हणणारे आमच्या घरातही आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

कोण कुठल्या पंथाचा हे आपल्याकडे नकाशाने ठरलं, हे खरंच आहे. मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन, म्हणून तिकडची जुनी घराणी काँग्रिगेशनल. कोल्हापूर, सांगली, मिरज प्रेसबिटेरियनांकडे, म्हणून माझे वडील प्रेसबिटेरियन. आंध्रात गुंटूरला १८४२ मध्ये हायर हे लुथरन मिशनरी पोचले, म्हणून आईकडचे लुथरन. तेच जरा दक्षिणेला, ओंगोलकडे जन्मले असते तर बाप्टिस्ट झाले असते.

पण आई नर्स म्हणून मिरजेला आली तेव्हा तिच्या पाठीशी कुठलंच लुथरन मिशन नव्हतं. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटल प्रेसबिटेरियन, चर्चही त्याच परंपरेतलं. लुथरन राहून तिला ना बढती मिळणार होती ना क्वार्टर. सोडून दिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. तरी तिने धरून ठेवलं. ते मिशनचं कसं म्हणायचं?

ज्यांच्या नावाने हा पंथ ओळखला जातो त्या जर्मन धर्मसुधारक ल्यूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरावली तिला तेलुगूत तोंडपाठ होती. सकाळी उठल्यावर क्रूसाची खूण करावी, विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचा कबुलीपाठ) आणि प्रभूची प्रार्थना म्हणावी, मग आनंदाने कामाला लागावं, असं त्यात आहे. ड्यूटीला निघण्याआधी आई स्टोव्हपाशी उभी राहून कपाळ, छाती, खांद्यांना बोटं लावायची. शेजारणी वडिलांना विचारायच्या, “सिस्टर कॅथलिक आहेत का हो?”

प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी भाकरीची ताटली बाकांवरून फिरायची. आई तुकडा ओंजळीत घ्यायची. कण साडीवर सांडला तर बोटाने टिपून तोंडात टाकायची. वडिलांना हे पटत नसे. ते शिकले होते की ख्रिस्त देहाने स्वर्गात आहे आणि पवित्र आत्म्याच्या द्वारे विश्वासणाऱ्याला त्याचा लाभ होतो. आई म्हणायची, “‘हे माझे शरीर आहे’ असं तो म्हणाला ना? मग आहे.” याच वाक्यावर १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली अडले होते. पंधरा कलमांपैकी चौदा जुळली, पंधराव्यातलं एवढंच राहिलं. आमच्याकडे ते रविवारी दुपारी, जेवताना, आवाज न चढवता चालायचं. रात्रपाळीत शेवटच्या घटका मोजणाऱ्या पेशंटजवळ बसणाऱ्या बाईला ख्रिस्त हाताला लागेल इतका जवळ हवा होता. यात गोऱ्यांचं काय आलं?

आता १९७०. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, तेव्हा सहा चर्च एकत्र आली. लुथरन त्यात नव्हते. पण त्या एकीतही बाळांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी घ्यायचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य केले गेले. म्हणजे एक होण्यासाठी सगळ्यांनी सारखंच मानायला हवं, असा आग्रह खुद्द चर्चनेही धरला नाही. युरोपातल्या लुथरन आणि रिफॉर्म्ड (प्रेसबिटेरियन ज्या परंपरेतले ती) मंडळ्यांनी १९७३ मध्ये एकमेकांना प्रभुभोजनाला बोलावलं, तेही आपापला पंथ न मोडता. माझे आईवडील त्याच्या आधीपासून एका बाकावर बसत होते.

राहिले नारायण वामन टिळक. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली ती मिशनची हुकमत नको म्हणून. त्यांनी बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही आत घेतलं, हे तुम्ही लिहिलंत ते खरं. पण ख्रिस्ताविषयी नेमकं काय मानतो हे सांगायला ते कधी कचरले नाहीत. अभंगांतून सांगत राहिले. आईनेही तेच केलं, तिच्या तेलुगू पाठांतरातून. टिळकांनी तिला दरबारातून उठवलं असतं, असं मला वाटत नाही.

मथळा बदलणार नाही. ‘ख्रिस्ती’ एवढंच लिहिलं तर स्टोव्हपाशी केलेली क्रूसाची खूण आणि साडीवरून टिपलेला कण, दोन्हींचा अर्थ वाचणाऱ्याला लागणार नाही.