कापसाला हात न लावता कापसात मोठं कसं व्हावं

परवा चौकातल्या फ्लेक्सवर सहज फोटो मोजले, एकोणीस निघाले, आणि त्यातला सगळ्यात खालचा, पासपोर्ट साईजपेक्षाही बारका, आमच्या गल्लीतला पोरगा. संध्याकाळी घरी आला, चहा पिता पिता म्हणला, दादा, फ्लेक्सवर खालनं वर जायचं असलं तर काय करावं लागंल? आता मी काय सांगणार, माझी मजल सोसायटीच्या इलेक्शनला अख्ख्या पॅनलसकट पडण्यापर्यंतच गेलेली. पण पडलेल्या माणसानं सल्ला देऊ नये असा काय कायदा नाही, म्हणून त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगून टाकतो. साखर कारखान्याचा विचार सोडा, दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर पाहिजे आणि आपल्या भागात तेवढी मोकळी हवा आता शिल्लक नाही. पतसंस्थेचं नाव काढलं की ठेवीदार पायताण शोधतात. दूध संघाला पहाटे चारला उठायला लागतं. तुम्ही कापसात पडा.

लगेच म्हणाल, सांगलीत कुठला आलाय कापूस, आपल्याकडं ऊस, द्राक्षं, हळद. अहो तेच तर भांडवल आहे! कापूस पिकतो विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात, आणि जिथं पिकतो तिथल्या माणसाला सगळं तोंडपाठ असतं, क्विंटलभर कापसातनं चौतीस-पस्तीस किलो रुई पडते, बाकी सरकी, उतारा किती, गाठ १७० किलोची, असली माणसं सभासद करून घेतली तर वार्षिक सभेत उभी राहून हिशोब मागतील. आपल्याकडच्या माणसाचा कापसाशी संबंध म्हणजे म्हशीला सरकी पेंड आणि देवाला वाती. त्याला तुम्ही काय पण सांगा.

तर पहिलं काम, सहकारी सूतगिरणी. १०० रुपये लागणार असतील तर सभासदांनी ५ घालायचे, सरकार भागभांडवल म्हणून ४५ घालतंय, उरलेले ५० कर्ज. आणि त्या ५ मधले तुमच्या खिशातले किती, तर जीपचं डिझेल. ते पण संस्थेच्या नावावर टाका. गिरणीला नाव तालुक्यातल्या दिवंगत नेत्याचं द्या, म्हणजे उद्या कोणी वाकडं बोललं तर तो तुम्हाला नाही, त्या पुण्यात्म्याला बोलतोय असं म्हणता येतं. सूत कातायच्या मशीनची चाती कशाशी खातात हे उद्घाटनापर्यंत कळलं नाही तरी चालतंय. चेअरमनला सूत कळायला पाहिजे असं उपविधीत कुठंही लिहिलेलं नाही.

आमच्या आण्णांनी असलेच शेअर घेतले होते, एक दुभती म्हैस विकून. गिरणीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही. तो दाखला अजून पत्र्याच्या ट्रंकेत रेशनकार्डाच्या खाली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर चरख्याचं चित्र आणि खाली चेअरमनची सही, सही एवढी झोकदार की ती बघूनच माणसानं डिव्हिडंड विसरावा. डिव्हिडंड एकदा पण आला नाही, पण सभेला भेळ आणि एक स्टीलचा डबा मिळाला, पुढं एका वर्षी ज्येष्ठ सभासद म्हणून सत्कार झाला. शाल पॉलिस्टरची होती.

आता तुम्हाला वाटंल हा गडी मनाचंच सांगतोय. तसं नाही, या धंद्याला इतिहास आहे आणि मोठ्या माणसांचा आहे. कापसातली पुढारीगिरी आपण शोधली नाही राव, आपण फक्त तिला शाल-श्रीफळ जोडलं.

१८६१ ला अमेरिकेत दक्षिण-उत्तर लढाई लागली. दक्षिणेत कापूस, आणि तो वेचणारी माणसं बाजारात विकत घेतलेली. इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक सगळा कच्चा माल तिथला. तिथला एक सिनेटर, हॅमंड, १८५८ मध्येच सभागृहात सांगून बसला होता की कापूस राजा आहे, त्याच्याशी लढायची कुणाची हिंमत नाही. बरं, पेढीवाला ट्रेनहोम बघा, चार्ल्सटनचा. कापूस त्याचा, तो उत्तरेची नाकेबंदी फोडून बाहेर काढणारी जहाजं त्याची, लिव्हरपूलला जी पेढी दक्षिणेचा सगळा पैसा सांभाळायची तिच्यात भागीदारी त्याची, आणि जुलै १८६४ मध्ये दक्षिणेच्या सरकारचा अर्थमंत्री कोण? तोच. बिल काढणारा आणि बिल पास करणारा एकच, मध्ये फाईल हलवायला शिपाई पण नको. आपल्याकडं निदान मेव्हणा तरी लागतो.

मेव्हण्यावरनं सोयरीक आठवली. स्लायडेल म्हणून दक्षिणेचा वकील, म्हणजे दूत, पॅरिसला होता, आधी सिनेटर, म्हणजे मूळचा पुढारीच. तिथल्या अर्लांजे नावाच्या सावकारानं १८६३ मध्ये दक्षिणेसाठी ३० लाख पौंडांचे रोखे काढले, तारण काय तर कापूस, पौंडभर वजनाला सहा पेन्स भावानं, आणि लिव्हरपूलला तेव्हा भाव त्याच्या तिपटीच्या वर! लोकांच्या उड्या पडल्या. कापूस मात्र लढाई चालू असलेल्या मुलखात, रेल्वेपासून नाहीतर नदीपासून दहा मैलांच्या आत आणून ठेवणार, पुढं न्यायची जबाबदारी रोखेवाल्याची, म्हणजे नाकेबंदीच्या तोफा चुकवत गाठी तुम्हीच उचला. पुढच्या वर्षी सावकाराचं लग्न झालं, कुणाशी? वकिलाच्या पोरीशी. आता सांगा, हे लग्न पलूसला झालं असतं तर वेगळं काय झालं असतं, फक्त पंगतीला बासुंदी असती.

खासदार हवा असेल तर लेअर्ड घ्या. बर्कनहेडचा जहाजवाला, डिसेंबर १८६१ मध्ये पार्लमेंटात गेला, आणि त्याच्या पोरांच्या गोदीत ‘अलाबामा’ नावाची लढाऊ बोट तयार झाली, दक्षिणेसाठी. इंग्लंड कागदावर तटस्थ, मग बोट बाहेर कशी काढायची? २९ जुलै १८६२ ला चाचणी फेरीच्या नावाखाली काढली, वर बायामाणसं, पाहुणेरावळे, सहलीचा थाट. पुढं पाहुण्यांना दुसऱ्या बोटीत उतरवलं आणि ही गेली ती गेलीच. त्या बोटीनं आणि तिच्यासारख्या दुसऱ्या बोटींनी केलेल्या नुकसानीपोटी इंग्लंडला पुढं १८७२ च्या निवाड्यानं दीड कोटी डॉलरच्या वर भरावे लागले, ते अर्थात सरकारच्या तिजोरीतनं. हा मुद्दा वहीत लिहून घ्या, नुकसान नेहमी तिजोरीतनं भरायचं असतं.

आता कॉन्सुल, म्हणजे वाणिज्यदूत, आपल्या पेशवाईतल्या भाषेत वकील. कापसाच्या बंदरात ही खुर्ची फार मोलाची. लिव्हरपूलला अमेरिकेचा कॉन्सुल होता डडली, त्या बोटीमागं हेर लावून कागद गोळा करणारा, रात्रंदिवस राबला, वेळेवर कळवलं, आणि बोट निघून गेल्यावर ती अडवायचा इंग्लंडच्या सरकारचा हुकूम पोचला. असं प्रामाणिक काम करू नका, त्यानं फक्त फाईल जाड होते. त्यापेक्षा त्याच्या आधी काही वर्षं त्याच खुर्चीवर हॉथॉर्न नावाचा लेखक बसून गेला तो रस्ता बघा. खुर्ची मिळाली कशी, तर मित्र राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा यानं १८५२ मध्ये त्याचं चरित्र लिहून दिलं, मित्र निवडून आला, १८५३ मध्ये हा लिव्हरपूलला रवाना, जिथं येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजामागं फी मिळायची. तुमच्यात जर कुणी अभीष्टचिंतन विशेषांकात लिहिणारा असेल तर त्यानं एवढ्यावर समाधान मानू नये की साहेबांनी पाठीवर थाप दिली.

चार्ल्सटनला इंग्लंडचा कॉन्सुल होता बंच. रोज बागायतदारांच्या पंगतीला, हसून खेळून, वाढा अजून थोडं म्हणत, आणि रात्री लंडनला पत्र लिहायचा की ही माणसं गुलामीच्या पायी काय काय करतायत. जिभेवर एक आणि कागदावर एक ही कला आपल्याला शिकवायची गरज नाही, आपण ती उलटी वापरतो एवढंच.

एका माणसापासनं मात्र लांब राहा. जॉन ब्राइट, रोचडेलचा गिरणीवाला आणि खासदार. कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या, तरी हा म्हणतोय उत्तरेचीच बाजू बरोबर, गुलामी गेली पाहिजे. स्वतःच्या धंद्याच्या विरुद्ध भाषण करणारा चेअरमन कधी बघितलाय का? आणि गाव कुठलं बघा, रोचडेल, जिथं १८४४ मध्ये २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, एकेक पौंड घालून सहकारी दुकान काढलं. आपल्या सहकाराच्या प्रत्येक भाषणात हे रोचडेल येतं, आमच्या सभेत तर एकदा ‘रोचडेल साहेबांना’ अभिवादन पण झालं.

घरचं उदाहरण पाहिजे असंल तर साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते. सांगलीकरांनी नाक मुरडू नये, १९४९ ते १९६० आपला जिल्हा दक्षिण सातारा म्हणूनच ओळखला जात होता. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनीनं १८३९ मध्ये गादीवरनं काढलं, त्यांची बाजू मांडायला हा वकील लंडनला गेला आणि तेरा-चौदा वर्षं तिथं झिजला. अर्ज केले, कागद छापले, दारं वाजवली. त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांत जॉर्ज थॉम्पसन होता, आणि हाच थॉम्पसन मँचेस्टरात व्याख्यानं देत होता की हिंदुस्थानचा कापूस घ्या म्हणजे अमेरिकेतली गुलामी मोडंल. गिरणीवाल्यांनी त्यातलं कापूस तेवढं ऐकलं. १८४८ मध्ये सातारा खालसा झाला, आणि त्याच साली हिंदुस्थानातला कापूस कसा वाढवावा यावर पार्लमेंटची समिती बसली, अध्यक्ष आपला तोच ब्राइट. १८५३ मध्ये कापसाचं वऱ्हाड निजामाकडनं कंपनीच्या ताब्यात गेलं आणि त्याच सुमारास रंगो बापूजी रिकाम्या हातानं माघारी निघाले. त्यांच्याकडं न्याय होता, गाठी नव्हत्या. (हे लिहिताना थट्टा जमत नाही, पुढं जातो.)

तर दुसरं पाऊल, मानद कॉन्सुल व्हा. कुठल्याही देशाचे व्हा, नकाशावर सापडला नाही तर उत्तमच. १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणं पगारी कॉन्सुलनं नेमणुकीच्या देशात स्वतःच्या फायद्याचा धंदा करायचा नाही, पण मानद माणसाला ही अट नाही, त्याचा धंदा असतो म्हणूनच तर त्याला शोधतात. रॅली ब्रदर्सचं नाव म्हाताऱ्या माणसांनी ऐकलं असंल, हिंदुस्थानभर कापूस घेणारी ग्रीक पेढी. त्यांच्यातला पांडिया रॅली लंडनला ग्रीसचा कॉन्सुल, आणि त्याच घरातला पांडेली रॅली १८७५ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटात. दुकान, वकिलात आणि खासदारकी एका घरात. वाचताना परकं वाटत नाही ना?

दोन खुर्च्या झाल्या की दोन लेटरहेड छापून घ्या, ही गोष्ट विसरू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं आयात कापसावरचा ११ टक्के कर तात्पुरता काढला, गिरणीवाले खुश, कापूसवाला शेतकरी खवळला, कारण त्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव जाहीर झालेला क्विंटलला ८११० रुपये आणि बाजार कुठं राहणार याची त्याला धास्ती. अशा दिवशी चेअरमनच्या लेटरहेडवर स्वागत करायचं, पक्षाच्या लेटरहेडवर तीव्र निषेध. फक्त दोन्ही एकाच पोरानं एकाच ग्रुपवर टाकू नयेत, आमच्याकडं तसं झालंय.

आता शेवटची गोष्ट, परदेशी पाहुणा. गिरणी काढली, खुर्ची मिळाली की एखादा खराखुरा कॉन्सुल किंवा व्यापारी शिष्टमंडळ मुंबईहून आणायचं. आमच्या गिरणीत आलं होतं, डिसेंबरात. फेटे बांधले, हलगी लावली, मशीन चालू दिसावीत म्हणून त्या दिवशी एक खातं चालू केलं, कामगारांना नवे टी-शर्ट वाटले. सगळं झकास झालं आणि निघताना त्या गोऱ्या बाईंनी विचारलं, कापसाचं शेत बघता येईल का? चेअरमननी एमडीकडं बघितलं, एमडीनं सेक्रेटरीकडं, सेक्रेटरीनं ड्रायव्हरकडं. जवळचा कापूस म्हणजे गोडाऊनमधल्या गाठी, त्या पण परराज्यातल्या. ड्रायव्हर हुशार, म्हणला बसा गाडीत. पाणंदीच्या कडंनं गाडी हळू घेतली, दोन्ही बाजूला ऊस, आणि त्या वर्षी तोडणीची टोळी मिळाली नव्हती म्हणून उसाला तुरे आलेले, पांढरे, वाऱ्यावर हलणारे, उन्हात चमकणारे. चेअरमननी काचेतनं हात करून सांगितलं, कॉटन, मॅडम, ऑल कॉटन. बाईंनी काच खाली करून फोटो काढला, आणि मग चेअरमनसोबत तुऱ्यांच्या पुढं उभं राहून अजून एक.

तो फोटो त्या वर्षीच्या अहवालाच्या कव्हरवर आला, रंगीत, खाली ओळ, ‘आपल्या गिरणीच्या कार्यक्षेत्रातील कापूस पिकाची पाहणी करताना विदेशी पाहुणे.’ अहवाल पोस्टानं घरी आला. आण्णांनी चष्मा पुसला, कव्हर लांब धरलं, जवळ धरलं, मग बोट ठेवून म्हणले, आरं, ह्यो तर आपला वड्याकडचा दोनशे पासष्ट ऊस हाय. आणि आईला हाक मारून सांगितलं, टोळीवाल्याला फोन लाव, म्हणावं आमचा ऊस पुस्तकात आलाय, आता तरी तोडायला ये.