रक्तशुद्धीच्या बाटलीत नेमके काय आहे?

सांगली भागात मोबाइलवर फिरणारा एक संदेश तासगावच्या आमच्या मामींपर्यंत पोहोचला आणि त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचा दावा असा: शिरेतून काढलेले रक्त काळपट दिसते, म्हणजे ते अशुद्ध असते, हे टॉनिक २१ दिवसांत ते शुद्ध करते, जोम परत आणते, साखरेच्या गोळ्या सोडवते आणि वनस्पतिजन्य असल्याने अपाय करत नाही.

काळपटपणाचे उत्तर सोपे आहे. शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो. फुप्फुसांतून फिरून आले की ते पुन्हा लालभडक होते, आणि या फेरीला सुमारे एक मिनिट पुरते, २१ दिवस लागत नाहीत.

रक्त गाळण्याचे खरे काम मूत्रपिंडे करतात, दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून. गोळ्या सोडल्यावर वाढलेली साखर दुखत नाही, खुपत नाही, पण वर्षानुवर्षे राहिली तर याच मूत्रपिंडांची चाळण करते. म्हणजे रक्तशुद्धीच्या नावाखाली रक्त शुद्ध करणारा अवयवच निकामी करण्याचा हा सल्ला आहे.

जोमाबद्दल एवढे मान्य करतो की अंगात लोह कमी असलेल्याला लोहयुक्त औषधाने तरतरी येते. तो गुण लोहाचा. त्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

राहिला अपाय. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००४ साली आलेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, आणि शिसे तर हिमोग्लोबिन तयार होण्यातच अडथळा आणते. प्रत्येक बाटलीत ते असते असे नाही, वैद्यांनी तपासून दिलेल्या औषधाशीही माझे भांडण नाही. पण मामींच्या बाटलीवर घटकांची यादी नाही की परवाना क्रमांक नाही.

औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात त्याने निषिद्ध केली असून, अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्यालाही ती बंदी लागू होते. संदेश पुढे ढकलणाऱ्या नातलगांनी कलम ३ वाचावे. बाटलीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.